नागपुरातल्या छोट्या परसबागेत काय लावायचं, केव्हा लावायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा आटोपला की ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. घरामागे एवढीशी जागा आहे, काय लावू? मागच्या वर्षी सांबार (कोथिंबीर) उगवलाच नाही, का? टमाटरला फुलं भरपूर आली आणि गळून गेली, काय चुकलं? चौदा वर्षांपासून मी घरामागच्या तुकड्यात भाजी लावते आहे आणि यातली बहुतेक संकटं माझ्याही वाट्याला आली आहेत. बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं वेळापत्रक साऱ्या देशासाठी असतं. आपलं ऊन आणि आपली माती त्यात बसत नाही, म्हणून खालची सगळी उत्तरं नागपूरच्या हिशेबानं दिली आहेत.

बियाणं आणण्याआधी पहिलं काम कोणतं?

स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं ना, त्यावर दोन आठवडे रोजची भाजी लिहा. सकाळी काय, रात्री काय, फोडणीवर काय भुरभुरलं, सगळं. आमच्या घरी हे केलं तेव्हा दिसलं की चौदा दिवसांपैकी अकरा दिवस सांबार लागला, रोज दोन-तीन हिरव्या मिरच्या लागल्या, वांगी आठवड्यातून दोनदा आणि पानकोबी एकदाच. त्याआधी मी पानकोबीला अर्धी बाग देत होते.

यादी झाली की त्यातून कांदा, आलू (बटाटा) आणि पानकोबी काढून टाका. या भाज्या जागा फार अडवतात, तीन-चार महिने घेतात, एकदाच हाती येतात आणि बाजारात टिकाऊ मिळतात. छोट्या जागेत दोन प्रकारांना पहिला मान द्या. एक, तोडल्यावर तासाभरात माना टाकणाऱ्या पालेभाज्या. दुसरा, एकदा लावून महिनोन्‌महिने तोडत राहता येईल अशी झाडं: वांगी, मिरची, भेदरं (टमाटर), वाल. सांबारवडी करायची आहे आणि जुडी आणायला धावावं लागत नाही, हे सुख एकदा घेऊन बघा.

नागपुरात भाजीचं वर्ष केव्हा सुरू होतं?

बहुतेक जण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की उत्साहानं सगळंच बी टाकतात. आपल्याकडे वर्षभरात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळी माती त्या दिवसांत चिखल होऊन बसते. मेथी, पालक, सांबार यांची मुळं त्यात कुजतात. घरच्या बागेचा खरा हंगाम हिवाळा आहे. त्याची तयारी पोळा ते गणपती या दिवसांत सुरू होते.

पोळ्याच्या सुमारास वांगी, टमाटर, मिरची आणि फुलकोबीचं बी ट्रेमध्ये किंवा जुन्या टोपल्यात पेरा आणि वर आडोसा करा, म्हणजे पावसाच्या माऱ्यानं रोपं झोपणार नाहीत. २५ ते ३० दिवसांत रोपं वीतभर होतात, मिरचीला थोडे दिवस जास्त लागतात. दसऱ्याच्या आसपास ती वाफ्यात लावायची. पाऊस थांबला की पालेभाज्यांचा पहिला हप्ता पेरायचा, आणि जानेवारीपर्यंत दर १०-१२ दिवसांनी थोडं थोडं पेरत जायचं. वाटाणा आणि गाजर दिवाळीच्या सुमारास, त्याआधी नको. ऑक्टोबरचं ऊन वाटाण्याला सोसत नाही.

दुसरा हंगाम संक्रांतीनंतरचा. थंडी ओसरू लागली की जानेवारीअखेर ते महाशिवरात्र या काळात भेंडी, चवळी, काकडी आणि ढेमसं (टिंडा) पेरा. मार्च-एप्रिलमध्ये ती फळतात आणि मेच्या आत बरंचसं तोडून होतं. हीच पेरणी मार्चअखेर केली तर कोवळी रोपं थेट लाहीत सापडतात.

पावसाळा वेलांचा आणि शेंगांचा. जूनच्या मध्यानंतर दोन चांगले पाऊस झाले की दोडकं, कारलं, लवकी (दुधी), बरबटी (लांब शेंगांची चवळी), गवार, अंबाडी लावा. हळदीचे आणि अद्रकाचे दोन-चार गड्डे एखाद्या कोपऱ्यात पुरून ठेवा. वालाचं बीही तेव्हाच कुंपणाशी टोचायचं. त्याला दिवस लहान व्हावे लागतात. पावसाळाभर तो नुसता पानं वाढवतो आणि दिवाळीनंतर फुलतो. सप्टेंबरमध्ये फूल नाही म्हणून कंटाळून तो उपटून टाकणारे मी पाहिले आहेत. उपटू नका.

दहा बाय दहा फुटांची जागा आहे. चौघांच्या घरासाठी नेमकी काय आखणी करू?

अडीच-अडीच फुटांचे तीन वाफे आणि त्यांच्यामध्ये सव्वा-सव्वा फुटाच्या दोन वाटा, असा हिशेब बरोबर बसतो. अडीच फुटांच्या वाफ्यात वाटेवरून किंवा कडेवरून सगळीकडे हात पोचतो, पाय आत ठेवावा लागत नाही. काळी माती पायाखाली एकदा दाबली गेली की मोकळी व्हायला महिने घेते.

पहिल्या वाफ्यात दोन-दोन फुटांवर चार वांगी आणि उरलेल्या टोकाला दोन मिरच्या. दुसऱ्यात दीड-दीड फुटावर सहा टमाटर. त्यांना लावतानाच काठी द्या, नंतर ठोकली की मुळं तुटतात. टमाटर लहान असताना मधल्या मोकळ्या जागेत मुळा निघून जातो, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तो ताटात असतो. तिसरा वाफा पूर्ण पालेभाज्यांचा. त्याचे चार चौकोन पाडा आणि मेथी, पालक, सांबार, लाल भाजी (लाल माठ) एकाच दिवशी न पेरता मागेपुढे पेरा. मेथी २५-३० दिवसांत निघते, पालकाची महिन्याभरानं पहिली कापणी होते आणि मग तो पुन्हा फुटत राहतो. मेथीचा चौकोन रिकामा झाला की दोन मुठी शेणखत मिसळून पुन्हा पेरा. कुंपणाला दोन वाल, बस.

चार वांग्यांची झाडं कमी वाटतात, पण बहरात आली की चौघांना पुरून शेजारी द्यायलाही उरतात. भरिताची मोठी आणि रश्शाची काटेरी अशी दोन-दोन लावली तर दोन्ही सोयी होतात.

ऊन किती लागतं? माझ्या जागेत भिंतीची सावली येते.

फळभाज्यांना सहा तास, पालेभाज्यांना चार तास मिळाले तरी भागतं. पण हे मोजायचं डिसेंबरच्या हिशेबानं, आणि लोक मोजतात मे महिन्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. तेव्हा सगळी जागा उन्हातली दिसते. डिसेंबरअखेर तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दुपारी बारालाही भिंतीची सावली भिंतीच्या उंचीएवढी पडते. म्हणजे दहा फुटी भिंतीच्या उत्तरेला लागून दहा फूट जागा ऐन हंगामात सावलीत राहणार. तिथे वांगं-टमाटर लावू नका. पुदिना, आळू आणि फार तर पालक तिथे निभावतील. भिंतीच्या दक्षिणेची जागा मिळाली तर ती फळभाज्यांना द्या.

काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. ती बदलून लाल माती टाकू का?

पैसे घालवू नका. आपली काळी माती अन्नाच्या बाबतीत श्रीमंत आहे. अडचण तिच्या चिकणपणाची आहे. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांमध्ये कोवळी मुळं अक्षरशः तुटतात. उपाय तीन आहेत आणि तिन्ही स्वस्त आहेत: भरपूर कुजलेलं शेणखत, जमिनीपासून अर्धा फूट उंच गादीवाफे आणि वर्षभर आच्छादन. वाळू मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात. थोडी वाळू चिकण मातीत गेली की ती आणखी घट्ट बसते, त्यापेक्षा तेवढ्या पैशांचं खत आणा.

आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल उतरून माती मोकळी होईपर्यंत, मातीला हात लावू नका. माझे सासरे उमरेडकडचे शेतकरी. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मी ओल्या मातीत फावडं घातलं तेव्हा त्यांनी माझ्या हातात मूठभर माती दिली. म्हणाले, "पोरी, हिचा लाडू कर आणि सोड खाली." लाडू पडून तसाच चपटला. "आज नाही," एवढं बोलून ते आत गेले. तीन दिवसांनी पुन्हा लाडू करायला लावला, तेव्हा तो पडताक्षणी फुटून मोकळा झाला. त्या दिवशी आम्ही वाफे केले. आजही मी हाच लाडू करून बघते. ओली काळी माती खणली तर तिची ढेकळं विटेसारखी वाळतात आणि तो हंगाम हातचा जातो.

नवीन वसाहतींमध्ये वेगळंच दुखणं असतं. वर वीतभर काळी माती आणि खाली बांधकामाचा मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंट. आधी फूटभर खणून पाहा. असं निघालं तर खाली जायच्या भानगडीत न पडता विटांची कड करून वाफा वर उचला.

नवीन पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खत कमी पडलं का?

हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. आपली माती अल्कधर्मी, त्यात बोअरचं जड पाणी. लोह मातीत असतं पण झाडाला उचलता येत नाही. युरिया टाकून ते बरं होत नाही. पाणी कमी करा, निचरा सुधारा, गांडूळखत द्या. तातडीचं असेल तर कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर मात्र नत्र कमी पडलं आहे.

जमीनच नाही, फक्त गच्ची आहे. जमेल का?

जमेल. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, ती दगड होते. एक भाग काळी माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग धानाचा तूस किंवा कोकोपीट. तूस आपल्याला सहज मिळतो, भंडारा-गोंदियाच्या राइस मिल जवळच आहेत. पालेभाज्यांना सहा-आठ इंच खोलीचा उथळ ट्रे पुरतो, वांगं-टमाटरला किमान फूटभर खोल कुंडी हवी. गच्चीचा स्लॅब तापतो, म्हणून कुंड्या विटांवर ठेवा आणि एकमेकींना खेटून ठेवा. पाणी रोज लागेल, आणि खत जमिनीपेक्षा जास्त वेळा.

सांबार उगवतच नाही. बी खराब आहे का?

बहुधा बी अख्खंच पेरलं गेलं आहे. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया एकत्र बांधलेल्या. पोळपाटावर धणे पसरून लाटणं हलक्या हातानं फिरवा, दाणा दोन फाकांत सुटला पाहिजे, भुगा होता कामा नये. मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात निथळून पेरणी. अर्धा इंचापेक्षा खोल नको. वर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्या आणि कोंब दिसले की त्याच संध्याकाळी तो काढा. आठ-दहा दिवस लागतात, घाई करून उकरून पाहू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत या पद्धतीनं तो उगवतोच. मार्चनंतर उष्णतेमुळे तो लगेच फुलावर येतो, तेव्हा त्याच्यामागे लागू नका.

टमाटरची फुलं गळून जातात. फवारणी कोणती करू?

महिना कोणता ते आधी बघा. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये गळत असतील तर फवारणीचा उपयोग नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की टमाटरचे परागकण निकामी होऊ लागतात. फुलाच्या देठावर मधेच एक गाठ असते, ती पिवळी पडते आणि फूल तिथूनच सुटतं. म्हणूनच रोप दसऱ्याला लागलेलं हवं, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी ही थंडी त्याला पूर्ण मिळते. हिवाळ्यात फुलं गळत असतील तर नत्र जास्त झालं आहे किंवा पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असं होतं आहे. सकाळी दहाच्या सुमारास काठीला टिचकी मारा, पराग झडायला मदत होते.

वेलाला फुलं लागतात पण फळ बोटाएवढं होऊन सडतं.

परागीभवन झालेलं नाही. नर फूल बारीक देठावर असतं, मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासून दिसतं. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सारा आणि मधला भाग मादी फुलात हलकेच फिरवा. वेळ मात्र वेलाप्रमाणे बदलते, आणि इथेच गफलत होते. कोहळं, काकडी आणि कारलं सकाळी फुलतात. लवकीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उघडतात. दोडक्याच्या वेलाकडे सकाळी आठला ब्रश घेऊन जाण्यात अर्थ नाही.

परागीभवन होऊनही फळ वाकडं होत असेल, त्यावर टोचल्याची खूण आणि आत अळ्या असतील तर ती फळमाशी. अशी फळं वेलाखाली पडू देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधणं हा घरच्या बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

एप्रिल-मेमध्ये बाग जिवंत ठेवायची कशी?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. तेवढं दरवर्षी होत नाही, पण ४४-४५ अंश ठरलेलेच. या दिवसांत नवीन काही लावायचा हट्ट नको. वांगी-मिरचीची झाडं एप्रिलच्या सुरुवातीला तिसरा हिस्सा छाटा, ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, बुडाशी चार बोटं जाड पालापाचोळा घाला आणि पाणी सूर्योदयाआधी द्या. जाळी ७५ टक्क्यांची घेऊ नका, झाडं उंच होतात आणि फळत नाहीत. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सरून पाऊस आला की हीच झाडं पुन्हा फुटतात. हिरवं काही हवंच असेल तर चवळाई आणि अंबाडी ऊन सोसतात.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालण्याची सवय अनेक घरांत आहे. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून ते पाणी दिवसेंदिवस खारं होत जातं. कुंड्यांना ते देऊ नका. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल द्या.

रिकाम्या वाफ्यांना मात्र हे ऊन कामाचं आहे. माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. मातीतली बुरशी, सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे बारीक जंत) आणि तणाचं बी बरंच कमी होतं.

औषध न मारता कीड आवरता येते का?

रोज सकाळी पाच मिनिटं पानं उलटून बघितली तर बरीचशी आवरते. वालावर काळा मावा दिसला की पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा. वांग्याचा शेंडा एकटाच माना टाकून उभा असेल तर आत अळी आहे, तो शेंडा खाली चार बोटांपर्यंत कापून नष्ट करा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असतो. त्याला औषध नाही, झाड उपटा. पुढच्या खेपेला अर्का अनामिका किंवा परभणी क्रांती असं रोगाला तोंड देणारं वाण आणा आणि पिवळे चिकट कार्ड टांगा.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. जून-जुलैमध्ये कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून गर धुवा आणि सावलीत वाळवा. कवच काढून आतली ५० ग्रॅम गिरी कुटा, फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून गाळा. त्यात चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. शिळा अर्क काम करत नाही.

माकडं येतात. काही उपाय?

सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडच्या घरांना हा त्रास जास्त. जाळीचा पूर्ण पिंजरा केला तरच खात्री. तेवढा खर्च नको असेल तर मेथी, अंबाडी, मिरची, कारलं, आळू यांवर भर द्या, त्यांची नासधूस कमी होते. वांगी, टमाटर, काकडी आणि वालाच्या शेंगा उघड्यावर टिकणार नाहीत.

संत्र्याची सालं खताच्या डब्यात टाकलेली चालतात का?

चालतात. बारीक तुकडे करा आणि जेवढी सालं तेवढाच वाळका पाला घाला. अख्खी सालं महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि ओलं जास्त झालं की डबा आंबूस वास मारतो. हिवाळ्यात पाल्याचं पोतं डब्याशेजारीच ठेवा.

वांगी दरवर्षी एकाच वाफ्यात लावली तर काय बिघडतं?

वांगं, टमाटर, मिरची, आलू हे एकाच कुळातले. त्यांची मर (झाड अचानक वाळण्याचा रोग) आणि मुळांवरच्या गाठी मातीत राहून पुढच्या झाडांना लागतात. मी सलग तीन वर्षं एका कोपऱ्यात वांगी लावली. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये फळांनी लदलेली झाडं चार दिवसांत हिरवीच वाळली. उपटली तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. आता वाफ्यांची अदलाबदल करते: वांग्यांनंतर पालेभाज्या, मग शेंगवर्गी, मग पुन्हा वांगी. त्या कोपऱ्यात एक हंगाम दाट झेंडू लावला होता. दसऱ्याला तोरणाची फुलंही झाली आणि पुढच्या वर्षी गाठीही बऱ्याच कमी दिसल्या.

बी घरचं राखावं का?

वाल, चवळी, मेथी, अंबाडी आणि देशी भेदरं यांचं जरूर राखा. संकरित वाणांचं बी राखू नका, पुढची झाडं सारखी निघत नाहीत. मिरचीत भिवापुरीचं बी मिळालं तर सोडू नका. आपल्याच जिल्ह्यातलं, भौगोलिक मानांकन मिळालेलं वाण आहे आणि चार झाडांनी वर्षभराच्या मसाल्याला रंग येतो. मिरच्या फुलं असताना एकमेकींत मिसळतात, म्हणून बियांसाठी एक झाड पातळ कापडानं झाकून ठेवा.

यंदा उशीर झाला, डिसेंबर उजाडला. आता काही लावण्यात अर्थ आहे का?

आहे. बी पेरून वांगी-टमाटर आता नको. रोपवाटिकेतून तयार रोपं मिळाली तर लगेच लावा, फेब्रुवारीपर्यंत थोडं मिळेल. पालक, मेथी, सांबार, मुळा, लाल भाजी आजच पेरा. थंडीत उगवण दोन-चार दिवस मागे सरकते एवढंच. रात्रीचं तापमान सात-आठ अंशांवर उतरणार असेल तेव्हा संध्याकाळी हलकं पाणी द्या आणि कोवळ्या रोपांवर जुनी साडी पसरा, सकाळी ऊन आलं की काढा. एक वाफा मोकळाच ठेवून त्यात शेणखत मिसळून घ्या. संक्रांतीचं वाण लुटून झालं की तिथे भेंडी येईल. तिचं बी आदल्या रात्री भिजवा, फुटाला एक दाणा टोचा आणि पेरल्यावर दोन दिवस पाणी घालू नका.